मनगटाचं ऑपरेशन नर्सने केलं

बायकोच्या मनगटाचं ऑपरेशन इथे इंग्लंडमध्ये एका नर्सने केलं. आईला फोनवर सांगितलं तर तिने लगेच विचारलं, "मग डॉक्टर काय करत होते?"

त्रास तसा अनेकींना असतो तोच, कार्पल टनेल सिंड्रोम. मनगटातल्या अरुंद बोगद्यात नस दबते. रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर व्हायची, मग ही अंथरुणात बसून हात झटकत राहायची.

क्लिनिकमधल्या नर्सने आधी भरपूर विचारून घेतलं. "करंगळीलाही मुंग्या येतात का?" हा त्यातला कळीचा प्रश्न. करंगळीची नस वेगळी, त्यामुळे तीही बधिर होत असेल तर कारण दुसरीकडे शोधावं लागतं. मिनिटभर मनगट वाकवून धरायला लावलं, अंगठ्याच्या मुळाशी स्नायू झिजलाय का ते चाचपून पाहिलं. इतक्या निवांतपणे तिचा हात आजवर कोणीच पाहिला नव्हता. आधी रात्री बांधायचा पट्टा, मग स्टिरॉइडचं इंजेक्शन, तरी आराम पडेना तेव्हा ऑपरेशन. फक्त हात बधिर केला, बायको पूर्ण जागी. नसेवरचा ताणलेला अस्थिबंध कापला, टाके घातले, त्याच दिवशी घरी.

डॉक्टर त्याच विभागात होते, तुटलेली बोटं आणि कापलेले स्नायुबंध जोडत. अडलं तर नर्स त्यांना विचारते. हे काम कुणाच्याही हाती देत नाहीत: अनुभव, वरचं शिक्षण, सर्जनच्या देखरेखीखाली केलेली ऑपरेशनं, एवढं सगळं लागतं. औषधं लिहिण्याची वेगळी पात्रता मिळवलेल्या नर्सला २००६ पासून आपल्या कक्षेतली जवळपास सगळी औषधं लिहून देता येतात. इंग्लंडमधली उपचारांची प्रतीक्षायादी २०२३ मध्ये ७० लाखांच्या वर होती. तिथे असा प्रत्येक हात मोलाचा. स्वस्तातला डॉक्टर म्हणून नर्सकडे पाहणं मला पटत नाही, कारण रोज तेच काम करणाऱ्याचा हात बसलेला असतो.

आपल्याकडे इंडियन नर्सिंग कौन्सिलने क्रिटिकल केअरसाठी नर्स प्रॅक्टिशनरचा, म्हणजे निदान-उपचारही करू शकणाऱ्या नर्सचा, अभ्यासक्रम आणला आहे, तसा हाताच्या दुखण्यांसाठीही आणावा. ऑपरेशन नंतर बघू. जिल्हा रुग्णालयात निदान करायला, पट्टा द्यायला आणि वेळेत सर्जनकडे पाठवायला शिकलेली एक सिस्टर बसली, तरी कित्येक जणींची झोप परत येईल.