मेणबत्ती विझल्यावर पाणी चढलं

सातवीला हवेचे घटक शिकवताना एक प्रयोग ठरलेला असतो. ताटलीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वरून पेला उपडा. मेणबत्ती विझते, पाणी आत चढतं आणि फळ्यावर वाक्य येतं : ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली. मी तो टेबलावर करून दाखवण्याऐवजी चार-चार मुलांच्या गटांना करायला दिला, आणि त्या तासाला हे वाक्य टिकलं नाही.

प्रत्येक गटाला खोलगट ताटली, दीड-दोन सेंटिमीटर पाणी, त्यात शाईचे चार थेंब, बोटभर उंचीची मेणबत्ती आणि सरळ कडांचा, जाड काचेचा पेला. पेल्यावर बाहेरून सेंटिमीटरच्या खुणा केलेली कागदी पट्टी. पेल्याच्या कडेखाली दोन नाणी ठेवायचीच. नाहीतर कड ताटलीला घट्ट बसते आणि पाणी आत शिरत नाही. मेणबत्ती कोरड्या ताटलीत, वितळलेल्या मेणावर उभी करून मग पाणी ओतायचं. पंखा बंद.

"बाई, आधी बुडबुडे येतात. हवा बाहेर चाललीय!" खिडकीजवळच्या गटातली मुलगी म्हणाली. बुडबुडे कडेपाशी येतात, तेही पेला टेकवल्यावर जेमतेम क्षणभर. ताटलीत डोकं घातलेल्यालाच दिसतात. मागच्या बाकावरून टेबलाकडे पाहणाऱ्याला कधीच नाही. दुसऱ्या गटाने सांगितलं, जळताना पाणी जवळजवळ हललंच नाही, ज्योत विझताना आणि त्यानंतर भराभर चढलं. ऑक्सिजन जळण्यामुळे पाणी चढत असेल, तर ते जळतानाच चढायला हवं.

मग त्याच पेल्याखाली तीन मेणबत्त्या लावल्या. ऑक्सिजन तेवढाच, तरी पाणी पट्टीवर स्पष्ट वर गेलं. ज्योतीने हवा तापते, प्रसरण पावते, थोडी निसटते; ज्योत विझली की उरलेली थंड होऊन आकसते आणि बाहेरचा दाब पाण्याला आत ढकलतो. तीन ज्योतींनी हवा जास्त तापते, इतकंच. शिवाय मेणबत्ती विझते तेव्हा हवेत साधारण 16 टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो, आणि वापरलेल्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड व वाफ तयार झालेली असते. पेल्याच्या आत धरलेलं धुकं ही तीच वाफ.

हे स्पष्टीकरण मी फळ्यावरच दिलं, मुलांनी ते स्वतः शोधावं अशी अपेक्षा नव्हती. व्याख्यानाला माझा विरोध नाही. ते बुडबुड्यांच्या नंतर यावं, एवढाच आग्रह आहे.

हवेत ऑक्सिजन साधारण 21 टक्के असतो, हा आकडा मात्र दाखवायचा राहिला होता. त्यासाठी परीक्षानळीच्या तळाशी ओली स्टील वूल (लोखंडाच्या केसासारख्या बारीक तारांचा गुंता) कोंबून नळी पाण्यात उपडी ठेवली. इथे हमखास फसगत होते : भांडी घासायची चमकदार घासणी बहुधा स्टेनलेसची असते, ती गंजत नाही. हार्डवेअरच्या दुकानातली बारीक लोखंडी वूल आणावी आणि काही मिनिटं व्हिनेगरमध्ये बुडवून, पिळून वापरावी. म्हणजे तिच्यावरचा संरक्षक थर जातो. गंज चढायला दिवस-दोन दिवस लागतात, उष्णता नगण्य असते आणि घनरूप गंजात ऑक्सिजन खरोखर अडकतो. 15 सेंटिमीटरच्या नळीत पाणी साधारण 3 सेंटिमीटर चढतं. खूण पहिल्या दिवशीच, नळीतली आणि बाहेरची पातळी सारखी करून घ्यावी, नाहीतर मोजमाप चुकतं.