अमेरिकेत कॉलेजचा स्विमिंग कोच होताना: दोन वेगळे ‘वीस तास’

या कामासाठी ठरलेली अशी एक पदवी नाही. बहुतेक जण आधी स्वतः कॉलेजच्या टीममधून पोहतात, मग ग्रॅज्युएट असिस्टंट, मग असिस्टंट कोच आणि नशिबात असेल तर हेड कोच. मी भारतातून आलो, त्यामुळे पहिली पायरी माझ्याकडे नव्हतीच. एनसीएए या कॉलेज-खेळांच्या संघटनेच्या डिव्हिजन दोनमधल्या, म्हणजे दुसऱ्या स्तरावरच्या कॉलेजात मास्टर्स करता करता असिस्टंटशिप घेतली: फीमाफी आणि वर थोडं मानधन.

हेड कोचला ईमेल मार्चच्या मध्यानंतर टाकावी. फेब्रुवारीत कॉन्फरन्स म्हणजे कॉलेजांच्या गटाची स्पर्धा, मार्चमध्ये नॅशनल्स. त्या दिवसांत कोणी काही वाचत नाही. प्रवेशाचा अर्ज मात्र त्याआधीच गेलेला असावा. कोच ‘ये’ म्हणाला तरी प्रवेशाशिवाय आय-ट्वेंटी, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेजने द्यायचा फॉर्म, निघत नाही. सीपीआर, पार्श्वभूमी तपासणी, सेफस्पोर्टचं (खेळाडूंच्या सुरक्षिततेचं) प्रशिक्षण हे सोपं आहे, फक्त प्रत्येकाची मुदत लिहून ठेवायची.

खरी कसरत तासांची. सत्र चालू असताना एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर कॅम्पसवरचं काम आठवड्याला २० तासांपर्यंतच. पोहणाऱ्यांनाही मोसमात २० तासांचीच मर्यादा, म्हणून दोन्ही एकच समजण्याची चूक होते. त्यांच्या हिशेबात स्पर्धेचा अख्खा दिवस ३ तासांचा धरतात. माझे तास मात्र खरे मोजायचे: सकाळी सहाला व्हॅन काढण्यापासून रात्री टॉवेल मशीनमध्ये टाकेपर्यंत. शनिवारी बाहेरगावी मीट (स्पर्धा) असेल तर त्या आठवड्यात दोन-तीन सराव सोडावे लागतात, आणि हे कोचला सोमवारीच सांगायचं. हिवाळी सुट्टीत पूर्णवेळ चालतं. सगळ्यात जड कॅम्पही तेव्हाच असतो, हे बरं आहे.

काठावर उभं राहून स्टॉपवॉच दाबणं हा कामाचा छोटा भाग. बाकी सगळं लॅपटॉपवर. आपण ५० मीटरच्या टँकवर वाढलेले, इथे तलाव २५ यार्डांचा. १५०० मीटरऐवजी १६५० यार्ड, म्हणजे ६६ लांब्या. हाय-टेक या स्पर्धेच्या सॉफ्टवेअरमध्ये एन्ट्री भरताना वेळेनंतर अक्षर लागतं: लाँग कोर्सला (५० मीटरच्या टँकमधल्या वेळेला) एल, यार्डांना वाय. १०० फ्रीस्टाइलचे लाँग कोर्स ५२.०० सेकंद यार्डांत साधारण साडेपंचेचाळीस होतात. एल राहिला की ते ५२.०० यार्डांचेच धरले जातात, आणि तुमचा सगळ्यात वेगवान पोरगा संथ हीटमध्ये, शेजारी रेस द्यायला कोणी नाही. एन्ट्री पाठवण्याआधी याद्या छापून पेनाने टिक करत जायचं. स्क्रीनवर ही चूक दिसत नाही.

नोकरी टिकते ती भरतीवर. डिव्हिजन दोनमध्ये पुरुषांच्या पोहण्याला एका टीममागे ८.१ पूर्ण स्कॉलरशिप, त्याच पंचवीसेक मुलांत तुकडे करून वाटायच्या. त्यामुळे पालकांशी बोलताना ‘स्कॉलरशिप देऊ’ असं मोघम म्हणू नये, किती टक्के ते हेड कोचकडून लिहून घ्यावं. आजच्या वेळेपेक्षा गेल्या दोन वर्षांत वेळ किती उतरली ते मी आधी बघतो. सोळाव्या वर्षापासून तिथेच अडकलेला पोहणारा कॉलेजात अचानक सुटेल, ही आशा महागात पडते.

मेमध्ये पदवी झाली की ओपीटीचे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच नोकरी करण्याच्या परवानगीचे, १२ महिने. इथे तारीख चुकते. अर्ज कोर्स संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो आणि सुरुवात कोर्सनंतरच्या ६० दिवसांत कुठलीही निवडता येते. असिस्टंटच्या जागा एप्रिल ते जुलैमध्ये निघतात, म्हणून सुरुवात शक्य तितकी उशिरा ठेवावी. ओपीटी सुरू झाल्यावर बेकारीचे एकूण ९० दिवसच मिळतात. नोकरी शिक्षणाशी संबंधित लागते, तेव्हा मास्टर्स किनेसिऑलॉजी किंवा स्पोर्ट्स मॅनेजमेंटचं असलेलं बरं. पुढे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसासाठी कॉलेजांना लॉटरीतून जावं लागत नाही, पण कमी पगाराच्या असिस्टंटसाठी वकिलाचा खर्च करायला कोणतं कॉलेज तयार आहे, हे मुलाखतीतच विचारावं.