मागे लोंबणारं ते रबर

ट्रकच्या मागच्या चाकांमागे मडफ्लॅप लोंबतो ना, तसंच एक जाड रबर स्नोमोबिलच्या मागे असतं. त्याला स्नो फ्लॅप म्हणतात. इथल्या पहिल्या हिवाळ्यात मी त्याच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. दुसऱ्या हिवाळ्यात ते माझ्याच गाडीखाली घालून मी फाडलं.

ज्यांनी हे वाहन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पुढे दोन स्की, मागे चाकांऐवजी रबराचा रुंद, अखंड पट्टा, म्हणजे ट्रॅक. त्याच्यावर बर्फात रुतणारे उंच दाते. ट्रॅकच्या वर उलट्या पन्हळीसारखा ॲल्युमिनियमचा पत्रा, त्याला टनेल म्हणायचं. फ्लॅप या टनेलच्या मागच्या कडेला रिव्हेट मारून बसवलेला असतो. ट्रॅकने उडवलेले खडे आणि बर्फाची ढेकळं मागून येणाऱ्याच्या तोंडावर जाऊ नयेत, हे त्याचं उघड काम. दुसरं काम मला बऱ्याच उशिरा कळलं. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचे कूलर टनेलच्या आत, ट्रॅकच्या डोक्यावर असतात. फ्लॅपमुळे उडालेला बर्फ आतच राहतो, कूलरवर पडतो आणि वितळताना उष्णता घेऊन जातो. म्हणून ‘कटकटच नको, कापून टाक’ असं कुणी म्हणालं तर मान डोलवावी आणि कापू नये.

आता रिव्हर्स. अनेक टू-स्ट्रोक गाड्यांत त्यासाठी वेगळा गिअर नसतोच. बटण दाबलं की इंजिन बंद पडतंय की काय इतकं मंदावतं, आणि थांबण्याच्या बेतात असताना ठिणगी अशा वेळी पडते की अख्खं इंजिनच उलटं फिरायला लागतं. मला याची इतकी गंमत वाटायची की मी गरज नसताना रिव्हर्स घ्यायचे.

गोची इथेच आहे. गाडी पुढे जाताना फ्लॅप मोकळा मागे फरफटतो, त्याला कसला त्रास नाही. मागे जाताना मागचा बर्फ त्याला ट्रॅककडे रेटतो. त्या वेळी ट्रॅकची मागची बाजू वरून खाली फिरत असते. दात्यांनी एकदा कड पकडली की फ्लॅप सरळ खाली ओढला जातो आणि गाडी स्वतःच्याच फ्लॅपवर चढते. मग रबर फाटतं, रिव्हेट उपटतात, आणि नशीब फारच वाईट असेल तर टनेलचा पत्रा वाकतो.

माझं हे सगळं ट्रेलरवरून उतरताना झालं. ट्रेलरच्या कडेला फ्लॅप दुमडला गेला होता, खाली भुसभुशीत बर्फाचा ढीग होता. गाडी अडली, तर मी थांबायचं सोडून ॲक्सिलरेटर आणखी दाबला. कापड टरकावल्यासारखा आवाज आला. बघायला आलेले शेजारचे आजोबा काही बोलले नाहीत, फक्त खाली वाकून लोंबणारा तुकडा उचलून माझ्या हातात दिला.

नंतर त्यांनीच युक्ती दाखवली: हूक असलेला इलॅस्टिकचा पट्टा. रिव्हर्स घेण्याआधी उतरायचं, फ्लॅप वर उचलून मागच्या बंपरला अडकवायचा, मगच बटण दाबायचं. पट्ट्याचं सुटं टोक मात्र लोंबू द्यायचं नाही, नाहीतर ट्रॅक तेच गिळतो. मागे खोल बर्फ असेल तर आधी बुटांनी तुडवून घट्ट करायचा. आणि मागचा भाग रुतू लागला की तिथेच थांबायचं. फ्लॅप अडकलाच तर पुढे-मागे झटके देण्यात अर्थ नाही. इंजिन बंद करून, बंपर धरून मागचा भाग उचलायचा आणि रबर हाताने सोडवायचं. एकट्याने जमत नाही, निदान मला तरी नाही.

आजोबांच्या तरुणपणी गाड्यांना रिव्हर्सच नव्हता. ते आजही गाडी उभी करतानाच तोंड बाहेरच्या दिशेला ठेवतात, जमल्यास उतारावर. वळायचं तर मोठा गोल घेतात. मी मोठ्या बोल्टने नवा फ्लॅप पक्का आवळायला निघाले तेव्हाही त्यांनी अडवलं. त्यांचं म्हणणं, अडकला तर रिव्हेट तुटू देत, पत्रा वाकण्यापेक्षा ते स्वस्त. मला पटलं.

गेल्या आठवड्यात मी अगदी शिस्तीत उतरले, फ्लॅप बांधला, सावकाश मागे आले आणि घट्ट दाबलेल्या वाटेवरून निघाले. थोड्याच वेळात तापमानाचा लाल दिवा लागला. थांबून मागे पाहिलं, तर फ्लॅप अजून बंपरलाच बांधलेला.