केमो आणि हार्मोनचं इंजेक्शन सोबत घेताना

प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरलाय हे कळल्यावर नातेवाइकांचं एकच म्हणणं होतं, या वयात केमो कशाला, इंजेक्शनवर भागेल. सातपूरच्या कंपनीतून निवृत्त झालेल्या मलाही ते पटत होतं. गंगापूर रोडच्या डॉक्टरांनी स्कॅन दाखवत नीट समजावलं. हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसतो. इंजेक्शन तो पुरवठा तोडतं, पण काही पेशी त्याविनाही तगतात. अंगात ताकद आहे तोवरच त्यांच्यावर डोसेटॅक्सेल या केमोच्या औषधाचा मारा करायचा. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चार्टेड अभ्यासात, आजार माझ्यासारखा खूप पसरलेल्यांपैकी निम्मे जण नुसत्या हार्मोन उपचारावर ३२ महिन्यांपलीकडे जगले. केमो जोडल्यावर हाच आकडा ४९ झाला. मी हो म्हटलं.

इंजेक्शनाआधी हार्मोनचा परिणाम रोखणाऱ्या बायकॅल्युटामाइडच्या गोळ्या सुरू झाल्या, कारण पहिल्या इंजेक्शनाने हार्मोन काही दिवस उलट वाढतं आणि हाडं जास्त ठणकू शकतात. मग दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून केमो, अशा सहा सायकल. प्रत्येक वेळी आदल्या दिवसापासून स्टेरॉइडच्या गोळ्या, आणि रक्त तपासून पेशी पुरेशा असतील तरच सलाईन.

केस गेले, त्याचं मला काही वाटलं नाही. थकवा मात्र विलक्षण. जिना चढताना मध्येच बसावं लागे. तोंडाची चव गेली, आमच्या हिने केलेली मुगाची खिचडी तेवढी घशाखाली उतरायची. इंजेक्शनामुळे रात्री अंगातून वाफा निघत, घामाने बनियन भिजे. बोटांना मुंग्या यायच्या, तेही डॉक्टरांना दर वेळी सांगायचो, कारण त्यावरून डोस कमी करायचा का ते ठरतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ताप. सलाईननंतर आठवडा-दहा दिवसांनी जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी अगदी कमी होतात. १००.४ च्या वर ताप गेला की घरी क्रोसिन घेऊन सकाळची वाट पाहायची नाही, रात्रीच हॉस्पिटल गाठायचं. मला तसा ताप आला तेव्हा मुलीने लगेच गाडी काढली. शिरेतून अँटिबायोटिक मिळालं आणि मी सावरलो.

केमो संपली, पीएसए (प्रोस्टेटच्या आजाराचा अंदाज देणारा रक्तातला आकडा) खूप खाली आला. इंजेक्शन मात्र चालूच आहे. आता काही रुग्णांना या दोन्हींबरोबर अबिराटेरोन किंवा डॅरोल्युटामाइड या हार्मोन रोखणाऱ्या गोळ्याही देतात. तुमच्या घरात कोणाचं निदान नुकतंच झालं असेल, तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना याबद्दल विचारा.