तुळईची गिटार: तिसरा महिना

या महिन्यात गिटार फारशी पुढे सरकली नाही. एक बाजू मोडली, आणि वरची फळी चिकटवणं मी मुद्दाम थांबवलंय.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी: पाठ आणि बाजूंचं लाकूड मामाच्या धाब्याच्या घराचं, अमळनेर तालुक्यातलं. घर उतरवलं तेव्हा चुलीवरची सागवानी तुळई मी मागून घेतली. धुरानं काळी ठिक्कर. सॉ मिलवाल्यानं खिळे पाहून हातच जोडले. मग जुन्या स्पीकरचं चुंबक फिरवून अकरा खिळे उपटले, तेव्हा कुठे चिरून मिळाली. खिळ्यांभोवती काळे डाग आहेत. लोखंड आणि सागातलं टॅनिन भेटलं की असं होतं, आणि रंधा कितीही मारा, जात नाही. पाठीवर दोन ठेवलेत.

आता मोडलेली बाजू. जाडी 2.2 मिलिमीटरपर्यंत उतरवली होती. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाईपमध्ये ब्लोटॉर्चची ज्योत, पाईपवर पाण्याचा थेंब तव्यावरच्यासारखा नाचला की लाकूड टेकवायचं. वरचं वळण मस्त बसलं. कमरेपाशी, म्हणजे गिटार मधे आत येते तिथं, कट्‌! तुकडा उजेडात धरला तर लाकडाच्या रेषा सरळ न जाता तिरप्या बाहेर पळत होत्या. चूक माझीच, फळी निवडताना कडेनं पाहिलंच नव्हतं. दुसरी पट्टी 1.9 वर आणली, ती वळली. सागातली सिलिका रंध्याची धार मात्र खाऊन टाकते. आणि लाकूड तेलकट, म्हणून चिकटवण्याच्या अगदी आधी ॲसिटोननं पुसतोय.

वरची फळी मशीनच्या खोक्यातल्या पाईनची, पुस्तकासारखी उघडून जोडलेली, 2.8 मिलिमीटर. ठोकली की बरी वाजते. आई विचारते, "हाई काय करी ऱ्हायना? मडकं ले ऱ्हायना का?"

वरच्या फळीला आतून आधार देणाऱ्या पट्ट्या आत्ता चिकटवणार नाही. मागची गिटार श्रावणात जोडली आणि मे महिन्यात ब्रिजखाली (फळीवर तारा अडकवतात त्या पट्टीखाली) उभी चीर गेली. फळी रुंदीत आकसते, आडव्या पट्ट्या लांबीत जवळजवळ आकसत नाहीत, मग फळीच फाटते. आपल्याकडचा उन्हाळा म्हणजे 44-45 अंश आणि हवा पापडासारखी कोरडी. हायग्रोमीटर आज हवेतला दमटपणा 78 टक्के दाखवतोय. 45-50 वर येईपर्यंत फळी माळ्यावर.

तोवर फ्रेटबोर्ड, म्हणजे गळ्यावरची बोटं दाबायची पट्टी. तिच्यावर धातूच्या आडव्या पट्ट्या बसतात, ते फ्रेट. मोडक्या बैलगाडीची बाभळीची दांडी मिळाली, दगडासारखी कठीण. स्केल, म्हणजे नटपासून (वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून) ब्रिजपर्यंत तारेची लांबी, 645 मिलिमीटर. भागिले 17.817 हा ठरलेला आकडा, म्हणजे पहिला फ्रेट 36.2 वर. उरलेल्या लांबीला पुन्हा तोच भागाकार. बारावा बरोबर 322.5 वर आला तर हिशेब बरोबर. माझा पहिल्यांदा 324 आला. प्रत्येक वेळी मागच्या फ्रेटपासून मोजपट्टी लावत होतो, चूक साठत गेली. आता सगळी मापं नटपासूनच.

कुणी सागाची बाजू 1.8 पर्यंत नेलीय का? कमरेच्या वळणाला टिकते का, एवढंच सांगा.