रिव्हर्सला गुरगुरणारी ट्रॅम

मॉडेल ट्रेन आणि ट्रॅम रिपेअर करणं हे माझं काम, आणि त्यातही जुनी पितळी बॉडीची ट्रॉली, म्हणजे डोक्यावर काठी लावून तारेखालून धावणारी ट्रॅम, समोर आली की मी जरा खूशच असतो. त्या दिवशी एक काका अशीच एक घेऊन आले, १:८७ ची, म्हणजे खऱ्या ट्रॅमच्या सत्त्याऐंशी पट लहान, त्यांच्या वडिलांची, कित्येक वर्षं खोक्यात पडलेली. म्हणाले, "मोटर गेलीये हिची, नवीन टाका." म्हटलं, "थांबा हो काका, या मोटरी अशा सहजासहजी जात नाहीत."

मीटर लावून १२ व्होल्ट दिले तर गाडी जागेवरच हुं हुं करत बसली, करंट जवळजवळ एक अँपिअर, आणि दोन मिनिटांत मोटरला हात लाववेना. उघडली तर गिअरमधलं ग्रीस वाळून मेणासारखं झालेलं आणि कम्युटेटर, म्हणजे शाफ्टवरचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल ज्यातून करंट कॉइलमध्ये जातो, तो काळाकुट्ट. वरचा काळेपणा पुसला जातो हो, पण तांब्याच्या पट्ट्यांमध्ये ज्या बारीक फटी असतात ना त्यात ब्रशची, म्हणजे कम्युटेटरला टेकून करंट देणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांची, पूड ठासून बसते आणि मग करंट कॉइलमधून जायच्या ऐवजी पट्टीवरून पट्टीवर असाच पळतो, मोटर तापते आणि ताकद काहीच नाही. लोक यावर सरळ सँडपेपर मारतात. नका मारू, चरे पडतात आणि मग ब्रश किसणीवर घासल्यासारखे झिजतात. टूथपिकच्या टोकाने एकेक फट उकरायची, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवायचा, वेळ जातो पण जाऊ द्यायचा.

आर्मेचर, म्हणजे मोटरचा कॉइल गुंडाळलेला फिरता भाग, बाहेर काढावं लागलं. जुन्या अल्निको (अ‍ॅल्युमिनियम-निकेल-कोबाल्टच्या) मॅग्नेटमधून ते नुसतं उपसलं की मॅग्नेट कमजोर होतो, हे मी सुरुवातीला एक मोटर घालवून शिकलोय, म्हणून एकीकडून आर्मेचर सरकवत दुसरीकडून लोखंडाचा तुकडा आत घातला. ब्रशच्या स्प्रिंगच्या एका पायावर इन्सुलेशनची इवलीशी नळी असते, ती पण डबीत जपून ठेवली, कारण ती विसरली की सरळ शॉर्ट. एवढा शहाणपणा मी केला होता हे लक्षात ठेवा.

परत जोडून मोटर टेबलावर एकटी चालवली, पाव अँपिअर, दोन्ही दिशांना लोण्यासारखी. गाडीत बसवली. पुढे झकास. रिव्हर्स केलं तर घर्रर्र, आणि हातभर जाऊन बंद.

काका समोरच बसलेले. मी गिअर बघितले, चाकं पुसली, काठीची तार बघितली, सगळे सोल्डर परत केले. दीड तास गेला आणि मग डोक्यात आलं की एकाच दिशेला त्रास आहे तर वर्म बघ की बाबा! शाफ्टवरचा वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला तुकडा, गिअरला फिरवताना शाफ्टला एका बाजूला रेटतो आणि दिशा बदलली की उलट्या बाजूला. टेबलावर लोडच नव्हता, मग रेटा कुठून येणार. शाफ्ट चिमटीत धरून मागेपुढे हलवला तर केसभर हलायला हवा तो चांगला अर्धा मिलिमीटर हलत होता, आणि रिव्हर्सला आर्मेचर सरकून त्याचं वाइंडिंग ब्रश होल्डरला घासत होतं. म्हणजे बेअरिंगजवळचा वॉशर गायब. आणि मोटर उघडली होती मीच.

कचऱ्याच्या डब्यातून ग्रीस पुसलेली चिंधी काढली, दिव्याखाली धरून सुईने उकलत बसलो. तिसऱ्या घडीत, काळ्या गोळ्यात चिकटलेला, कागदाइतका पातळ फायबरचा वॉशर. काकांना सांगितलं, चूक माझी होती. ते म्हणाले, "मोटर चांगली आहे ना? मग झालं तर."

वॉशर बसवला, दोन्ही बेअरिंगला सुईच्या टोकाने एकेक थेंब तेल, कम्युटेटरवर थेंबही जाऊ दिला नाही, आणि सहा व्होल्टवर अर्धा-अर्धा तास दोन्ही दिशांना फिरवत ठेवली. संध्याकाळी तीन व्होल्टवर गोगलगायीसारखी सरकत होती. काकांच्या हातात कंट्रोलर दिला तर ते बराच वेळ नुसतं रिव्हर्सच करत बसले.