जेट बोट डिझेलवर : इंजिन बसलं, इम्पेलर जुळला, कूलिंगचं काम बाकी

मागच्या नोंदीत जुनं ५.७ लिटरचं व्ही-८ पेट्रोल इंजिन बाहेर काढून बेड मोकळा केला होता. आता तिथे ४.२ लिटरचं सहा सिलिंडरचं टर्बो डिझेल बसलंय, मागे नवं जेट युनिट (तळातून पाणी ओढून मागे झोताने फेकणारा पंप) लागलंय आणि पाण्यातली पहिली चाचणीही झाली. इंजिनचं रेटिंग ३८०० आरपीएमला २३० किलोवॉट. पूर्ण थ्रॉटलला काटा ३८२० वर जाऊन थांबतो आणि काळा धूर येत नाही. हा आकडा गाठायला जेवढं डोकं लावावं लागलं तेवढं बाकी सगळ्या कामांना मिळून लागलं नाही, म्हणून आधी तेच लिहितो.

डिझेलचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : टॉर्क भरपूर आहे, बोट खालूनच उचलेल. प्रॉपेलरच्या बोटीत गिअरबॉक्सचा रेशो आणि पंख्याचा पिच (पात्यांचा तिरपेपणा) बदलून तो टॉर्क कामाला लावता येतो. जेटचं गणित वेगळं आहे. इम्पेलर, म्हणजे जेटमधला पाणी ढकलणारा फिरता पंखा, किती पॉवर खाणार हे जवळजवळ फक्त आरपीएमवर ठरतं. बोट जागेवर उभी आहे की पळतेय, याने त्यात फारसा फरक पडत नाही. आणि ही मागणी आरपीएमच्या घनाच्या प्रमाणात वाढते.

माझं पेट्रोल इंजिन ४४०० आरपीएमला साधारण १९५ किलोवॉट इम्पेलरला देत होतं. तोच इम्पेलर ३८०० वर फिरवला तर? ३८०० भागिले ४४०० म्हणजे ०.८६४, त्याचा घन ०.६४. इम्पेलर मागणार फक्त १२५ किलोवॉट. इंजिन २३० द्यायला तयार आहे, पण घेणारं कुणी नाही. गव्हर्नर (आरपीएमला मर्यादा घालणारी यंत्रणा) ३८०० च्या फार वर जाऊ देणार नाही आणि बोट आधीपेक्षा हळू चालेल. नवं, जास्त ताकदीचं इंजिन घालूनही बोट मंदावली असं कुणी सांगितलं, तर मी आधी इम्पेलर विचारतो.

मधल्या आरपीएमचंही तसंच. नव्या जोडणीत इम्पेलर २५०० ला ६५ किलोवॉटच्या आसपास खातो. इंजिन त्या जागी याच्या दुपटीहून जास्त देऊ शकतं, पण जेट ते मागतच नाही. इंजिनची पॉवरची रेघ आणि जेटच्या मागणीची रेघ एकाच जागी भेटतात, ती अगदी वरच्या टोकाला. ती भेट रेटेड आरपीएमवर घडवून आणायची, हेच या बदलाचं खरं काम.

मार्ग तीन होते. पहिला, त्याच युनिटमध्ये जास्त पिचचा इम्पेलर. मला मागणी १.८ पटींहून जास्त वाढवायची होती. त्याच केसिंगमध्ये नुसता पिच वाढवून एवढं अंतर कापता येत नाही आणि कमी वेगात कॅव्हिटेशन (दाब घटून पात्यांवर वाफेचे बुडबुडे होणं) सुरू होतं ते वेगळंच. दुसरा, आरपीएम वाढवणारा गिअरबॉक्स. त्यात न्यूट्रल मिळतं, इम्पेलर उलटा फिरवून शेवाळ-काड्या झटकता येतात, पण वजन, ऑइल कूलर आणि थोडी पॉवर त्यात जाते. तिसरा, मोठं युनिट. समान आरपीएमला इम्पेलरची मागणी व्यासाच्या पाचव्या घातात वाढते. १.८३ चं पाचवं मूळ १.१३. म्हणजे माझ्या २१२ मिलिमीटरच्या जागी २४० च्या आसपासचा व्यास. तेवढ्यावर भागतं, आणि मोठा व्यास हळू फिरून जास्त पाणी ढकलत असल्यामुळे बोट उचलताना कॅव्हिटेशनलाही जागा राहते. मी तिसरा निवडला. तळातलं इनटेकचं तोंड मोठं कापून नवा ब्लॉक वेल्ड करावा लागला. हे काम लांबलं, पण निर्णयाबद्दल मनात शंका नाही.

इम्पेलर निवडताना इंजिन रेटेड आरपीएमला जेमतेम पोचेल असा घ्या, त्याहून जड नको. पूर्ण थ्रॉटलला इंजिन ३६०० वरच अडकलं, तर ते ओव्हरलोड आहे. एक्झॉस्टचं तापमान चढतं आणि त्रास टर्बो नि व्हॉल्व्हला होतो. पुढे वाळूने इम्पेलर आणि त्याभोवतीच्या वेअर रिंगमधली (झिजली की बदलायच्या कड्यामधली) फट वाढली की आरपीएम तसेच टिकतात किंवा थोडे वाढतात, पण जोर कमी होतो. म्हणून आजचा ३८२० आणि त्या वेळचा वेग, दोन्ही वहीत लिहून ठेवलेत.

वजनाचा विचार जेट बोटीत सोडता येत नाही. बिल हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात न्यूझीलंडमधल्या उथळ, दगडगोट्यांच्या नद्यांसाठी हे तंत्र उभं केलं, तेव्हा मोठी सुधारणा झाली ती झोत तळाखाली न सोडता मागे, पाण्याच्या पातळीच्या वर सोडल्याने. मागची बाजू जड झाली की नोझल पाण्यात बुडालेलं राहतं आणि बोट प्लेनवर (वेगात पाण्यावर उचलून घसरत पळण्याच्या स्थितीत) यायला वेळ घेते. नवं इंजिन आणि युनिट मिळून मागे वजन वाढलंय, म्हणून बॅटऱ्या पुढे नेल्या. इंधनाने मात्र मदत केली. १२० किलोवॉटच्या क्रूझला पेट्रोल तासाला साधारण ४७ लिटर लागेल, डिझेल ३१ च्या आसपास. तेवढ्याच पल्ल्याला २०० लिटर पेट्रोलऐवजी १३५ लिटर डिझेल पुरतं. डिझेल लिटरमागे जड असूनही टाकीत ३५ किलो वाचतात.

शाफ्टच्या कामाला मी मुद्दाम वेळ दिला. सहा सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला तीन स्फोट होतात आणि डिझेलचा प्रत्येक धक्का पेट्रोलपेक्षा कडक असतो. फ्लायव्हीलवर रबरी टॉर्शनल कपलिंग आणि त्यापुढे दोन युनिव्हर्सल जॉइंटचा कार्डन शाफ्ट, अशी रचना आहे. इथे इंजिन आणि जेटचे फ्लँज एका रेषेत आणायचे नसतात, समांतर ठेवायचे असतात. दोन्ही टोकांचे कोन सारखे नसले तर दर फेऱ्याला दोनदा थरथर येते, आणि कोन अगदी शून्य असला तर जॉइंटमधले नीडल रोलर एकाच जागी बसून खड्डे पाडतात. मी दोन्हीकडे दोन अंश धरले. डिजिटल अँगल गेज आधी जेटच्या फ्लँजवर लावून शून्य केलं, मग इंजिनच्या फ्लँजवर लावून माउंटचे नट पाव-पाव फेरा फिरवत आकडा शून्यावर आणला. उभ्या दिशेने झालं की आडव्या दिशेने. नंतर इंजिन तसंच ठेवून दिलं. रबर माउंट वजनाखाली बसले आणि पुढची बाजू अर्धा अंश खाली आली होती, ती पुन्हा जुळवली. ही दुसरी मोजणी टाळू नका.

टाकी ॲल्युमिनियमची असल्याने तीच ठेवली. गॅल्व्हनाइज्ड असती तर बदलली असती, कारण जस्त आणि डिझेल यांचं जमत नाही. पेट्रोल पूर्ण काढून टाकी धुऊन घेतली. उरलेल्या पेट्रोलने डिझेलचा वंगणपणा कमी होतो आणि इंजेक्शन पंपाचं वंगण म्हणजे ते डिझेलच. रिटर्न लाइन नवी टाकली, तिचं तोंड सक्शनपासून लांब, म्हणजे गरम डिझेल लगेच परत ओढलं जात नाही. आधी पाणी वेगळं करणारा फिल्टर, मग इंजिनचा बारीक फिल्टर.

किल स्विचचा (इंजिन तातडीने बंद करणाऱ्या स्विचचा) विचार नव्याने करावा लागतो. पेट्रोलमध्ये तो इग्निशन तोडतो. डिझेलमध्ये स्पार्कच नाही, त्यामुळे इंधन तोडणारा सोलेनॉइड लागतो. करंट असेल तरच इंजिन चालू राहील, असा सोलेनॉइड घ्या. वायर तुटली, बॅटरीचं टर्मिनल सुटलं, तरी इंजिन बंदच पडलं पाहिजे. टॅकोमीटरचा सिग्नलही आता इग्निशन कॉइलऐवजी अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरून घेतलाय आणि हातातल्या ऑप्टिकल टॅकोमीटरशी ताडून पाहिलाय. तो चुकीचा असेल तर वरचं सगळं इम्पेलरचं गणित वाया जातं.

एक्झॉस्ट दोन छोट्या पाइपांऐवजी एकच मोठा केला. बॅकप्रेशर टर्बोनंतर, एक्झॉस्ट थंड करायला त्यात पाणी मिसळतं त्याच्या आधी मोजलं, मर्यादेत आहे.

उरलंय ते कूलिंग. हीट एक्स्चेंजर आणि इंटरकूलरला पाणी जेटच्याच दाबावर, वाळू पकडणाऱ्या स्ट्रेनरमधून दिलंय, कारण रबरी इम्पेलरचा पंप वाळूत टिकत नाही. जेटचा दाब आरपीएमच्या वर्गात घटतो. ७०० च्या आयडलला दाब पूर्ण वेगाच्या साडेतीन टक्क्यांच्या आसपास उरतो आणि पाणी अठरा टक्के. आयडलची उष्णता त्याहून बरीच कमी असते, त्यामुळे नुसतं आयडलवर उभं राहिल्यास काळजी नाही. अडचण येते ती जोरात पळवून एकदम थ्रॉटल सोडल्यावर. टर्बो आणि एल्बो (एक्झॉस्टमध्ये पाणी मिसळतं तो वळणाचा पाइप) तापलेले असतात आणि पाणी अचानक आटतं. एल्बोनंतरच्या रबरी होजवर थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) बांधलंय. थ्रॉटल सोडल्यावर अर्ध्या मिनिटात तापमान मला नको तेवढं वर गेलं. १२०० आरपीएमवर थोडा वेळ ठेवून मग आयडलला आणलं तर जात नाही. पण हे चालवणाऱ्याच्या सवयीवर सोडायचं नाहीये. पुढचं काम म्हणजे दाब एका पातळीखाली गेला की आपोआप सुरू होणारा छोटा इलेक्ट्रिक पंप, नॉन-रिटर्न व्हॉल्व्हसह, एक्झॉस्टच्या पाण्याच्या लाइनवर.